मूठ कोणी उचलायची?

नववीत असताना मी आठवडाभर इंग्लंडचा राजा होतो. अभिनय बघून नव्हे हो! वर्गात सगळ्यांत बुटका मीच, आणि पहिला चार्ल्सही ठेंगणाच होता, असं इतिहासाच्या बाई म्हणाल्या.

पुस्तकात या राजावर चाललेल्या खटल्याला जेमतेम दोन ओळी. बाईंनी चार तास घेतले. १६२९ पासून ११ वर्षं या राजाने पार्लमेंट बोलावलंच नाही. मग पैसा आणायचा कुठून? किनाऱ्यावरच्या गावांकडून युद्धकाळात घेतली जाणारी जहाजपट्टी त्याने शांततेत, साऱ्या देशावर लादली. हॅम्पडेन नावाच्या जमीनदाराने २० शिलिंग भरायला नकार दिला. १२ न्यायाधीशांपैकी ७ राजाच्या बाजूने गेले. "हरला. पण पाच जण फुटले, ते लिहून घ्या," बाई म्हणाल्या.

मग गॅदरिंगसाठी आमचं नाटक ठरलं. जानेवारी १६४९, वेस्टमिन्स्टर हॉल. सुनावणीत राजाच्या काठीची चांदीची मूठ निखळून पडली. कोणीतरी उचलून देईल म्हणून तो थांबला. कोणी हललं नाही. शेवटी स्वतः वाकला. आमची मूठ म्हणजे चॉकलेटच्या चांदीचा गोळा. तो पडला की पहिल्या बाकावरचा शिपाई धावत येऊन माझ्या हातात द्यायचा. "अरे, राहू दे ती खाली!" बाई ओरडायच्या. तीनदा झालं. आमच्या पोरांना मोठ्या माणसाची पडलेली वस्तू बघत उभं राहणं जमेचना.

एका तासाला मध्येच बाईंनी आम्हाला गोष्टीतून रायगडावर नेलं. १६७४ च्या राज्याभिषेकाला नजराणा घेऊन आलेला कंपनीचा वकील हेन्री ऑक्झिंडेन इंग्लंडचाच. २५ वर्षांपूर्वी राजाचं मुंडकं उडवणाऱ्या त्या देशाने १६६० मध्ये त्याच्याच मुलाला गादीवर बसवलं होतं. "मग मारलं कशाला?" मागून कोणीतरी विचारलं. घंटा झाली. उत्तर राहिलंच.

वधाच्या दिवशी थंडीने कापलो तर लोकांना भीती वाटेल, म्हणून चार्ल्सने दोन सदरे घातले होते. प्रयोगाच्या रात्री मीही दोन घातले. तरी कापलो.

खटल्यात राजाने शेवटपर्यंत एकच धरून ठेवलं: कोणत्या अधिकाराने विचारता, ते आधी सांगा. आरोपाला उत्तर दिलंच नाही. नाटकात माझ्यावर खटला चालवणारा, न्यायाधीश ब्रॅडशॉ झालेला वर्गमित्र आज या स्मरणिकेच्या समितीवर आहे. लेखासाठी त्याचा तिसरा फोन आला तेव्हा आवाज तोच होता, "आरोपीने उत्तर द्यावं!" या खेपेला दिलं.