नऊ ते अकरा

क्लबमध्ये रात्री नऊ ते अकराचा स्लॉट कुठल्याच डीजेला नको असतो. फ्लोअर रिकामा, वेटर टेबलं लावतायत, बारवर दोघंतिघं ऑफिसचं गाऱ्हाणं मांडून बसलेले. मला मात्र तोच लागतो, आणि आता मला बोलावतातही त्याच्यासाठीच. मोठं नाव बारा वाजता येणार. तोवर माणसं नाचायच्या बेतात आणून ठेवायची, पण दमवायची नाहीत.

ही विद्या लालबागची. काका बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड वाजवायचे. विसर्जनाला मी त्यांच्यामागून वायरचं भेंडोळं सांभाळत चालायचो. बाकी पोरं बेंजोवाल्याकडे बघायची, मी काकांच्या हातांकडे. मिरवणूक दमली की काका ठेका मोडत नसत. बेंजो थांबवायला लावायचे, कॅसिओ थांबवायला लावायचे, आणि नुसता ठेका चालू ठेवायचे. लोक चालता चालता पाणी प्यायचे, घाम पुसायचे. मग एकेक वाद्य परत यायचं आणि गल्ली उसळायची. पुढे हाउस या इलेक्ट्रॉनिक नाचसंगीताच्या रेकॉर्डमध्ये पहिल्यांदा ब्रेकडाउन, म्हणजे मधेच वाद्यं काढून घेऊन पुन्हा भरणं, ऐकला तेव्हा मी मोठ्याने हसलो होतो.

हाउस मला मिळालं दादर स्टेशनबाहेरच्या फूटपाथवर. एमपीथ्री सीडी, वर मार्करने ‘क्लब मिक्स’, गाण्यांची नावं गायब. चारही मात्रांवर किक म्हणजे ड्रमचा जाड ठोका, दुसऱ्या-चौथीवर टाळी, मधल्या फटीत हाय-हॅटची बारीक झांज. एवढंच, आणि तेच सात-सात मिनिटं. मित्र म्हणाले, गाणं सुरू कधी होणार?

मग नेट कॅफेत बसून इतिहास चाळला. शिकागोत 1977 साली ‘वेअरहाउस’ नावाचा क्लब उघडला आणि न्यूयॉर्कचा डीजे फ्रँकी नकल्स तिथे वाजवायला आला. नाचणारे मुख्यतः काळे आणि लॅटिनो, त्यातही बरेच समलिंगी. इतर ठिकाणी ज्यांना धड आत घेत नसत ते. 12 जुलै 1979 ला त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या रेकॉर्ड स्फोटाने उडवल्या. डिस्कोची हवा गेली, नव्या रेकॉर्ड आटल्या. नकल्सने जुन्याच गाण्यांच्या टेप कापून, जोडून ती लांबवली, पुढे खाली ड्रम मशीन लावलं. हाउस हे नाव त्या वेअरहाउसवरूनच आलं, असं बहुतेक जण मानतात.

आपल्याकडचा धागा याहून अजब आहे. माझे आजोबा साचेखात्यात होते. 1982 च्या संपात गिरणी सुटली ती कायमची. त्याच वर्षी मुंबईतच सिनेसंगीतात वाजवणारे चरणजित सिंग रोलंड कंपनीच्या ज्युपिटर-8 सिंथेसायझरवर राग वाजवत होते, जोडीला टीबी-303 हे बेसचं मशीन, खाली टीआर-808 या ड्रम मशीनवर डिस्कोचा ठेका. रेकॉर्ड निघाली, कुणी ढुंकून पाहिलं नाही. 1987 मध्ये शिकागोतून अ‍ॅसिड हाउस हा हाउसचाच प्रकार आला तो याच 303 च्या पिळदार आवाजावर. सिंग यांची रेकॉर्ड 2010 मध्ये परदेशातून पुन्हा निघाली तेव्हा कुठे लोकांनी कान टवकारले.

माझं पुढचं रडगाणं लांबवत नाही. लॅमिंग्टन रोडवरून जुना मिक्सर, साऊंडवाल्यांबरोबर हळदी, बारशी, सोसायटीची गॅदरिंग. आईचा एकच प्रश्न: "डीजे म्हणजे तो काचा हादरवणारा ना रे?" हळदीने मला क्लबपेक्षा जास्त शिकवलं. तिथे आजीपासून नातवापर्यंत सगळे एकाच मांडवात, आणि चुकीचं गाणं लागलं की आत्या येऊन थेट सांगते.

मग लोअर परळ. गिरणीच्या आवारातला क्लब, वर तेच कौलारू छप्पर. पहिल्या रात्री मी 116 बीपीएमला, म्हणजे मिनिटाला 116 ठोक्यांवर, सुरू केलं आणि अकरापर्यंत 122 वर आणलं. कुणाच्या लक्षात आलं नाही, पाय मात्र हलायला लागले. गाणं बदलायचं ते बत्तीस मात्रांचा फेरा पुरा झाल्यावर. दोन्हींचे बेस एकत्र वाजू द्यायचे नाहीत; एकाचा उतरवायचा, मग दुसऱ्याचा चढवायचा. सिंक बटण दाबतोस का, असं विचारणारे भेटतात. दाबतो. वेग मशीनने जुळवला तर समोरच्यांचे चेहरे बघायला मला तेवढाच वेळ मिळतो.

काकांना एकदा आग्रहाने नेलं. इस्त्रीचा शर्ट, हातात सोडा, स्पीकरपासून लांब भिंतीला टेकून. अकराला मी खाली उतरलो.

"ठेका बरा आहे," काका म्हणाले. "जोड कळत नाही, ते चांगलं. पण बाबा, दोन तास झाले. कुणी गायलंच नाही की!"

म्हटलं, काका, हे असंच असतं.

"असू दे. बायका मघापासून गाण्याची वाट बघतायत. ती लाल ओढणीवाली दोनदा उठून बसली."

मी ते पाहिलं नव्हतं. आता साडेदहाच्या आत एक तरी गायलेला ट्रॅक लावतोच, आणि काका बरोबर होते हे दर शुक्रवारी पटतं.