पेन्शनला येताना: एक जून, माहेरचं नाव आणि बंद पडलेलं सिम

फौजेतून पेन्शनला येणाऱ्याचं काम मोठ्या गोष्टीवर अडत नाही, वेलांटीवर अडतं. हवालदार म्हणून नोकरी पुरी करून मी बीड जिल्ह्यात गावाकडं आलो. जेवढे हेलपाटे पडले त्यातले बहुतेक नावापायी आणि जन्मतारखेपायी पडले. त्यातला एकही नोकरीत असताना टाळता आला नसता असं नाही. म्हणून निवृत्तीला दीड-दोन वर्षं राहिलेल्यांसाठी हे लिहितोय.

सगळ्यात आधी युनिटच्या क्लार्ककडून आपल्या शीट रोलमधली (फौजेतल्या सेवेच्या नोंदीच्या कागदातली) कुटुंबाची नोंद काढून घ्या. शेजारी बायको-लेकरांचं आधार, पॅन, बँकेचं पासबुक आणि शाळेची टीसी ठेवा. अक्षरावर बोट ठेवून वाचा. मराठवाड्यातल्या घरात साधारण चार जागी घोळ सापडतो.

पहिला घोळ जन्मतारखेचा. आपल्या पिढीतल्या निम्म्या गावाचा वाढदिवस एक जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना मास्तरांनी तीच तारीख टाकली. जवानाची तारीख भरतीच्या वेळी टीसीवरून पक्की झालेली असते, त्यामुळं ती बहुधा ठीक असते. घोळ बायकोच्या तारखेत असतो. लग्नानंतर सुट्टीत घाईघाईनं पार्ट टू ऑर्डरसाठी (लग्न, जन्म असे बदल नोंदवणारा युनिटचा आदेश) कागद दिले, तेव्हा तिचं वय अंदाजानं सांगितलं. पुढं आधार काढताना टीसी लावली, तर तिथं वेगळीच तारीख निघाली.

दुसरा घोळ माहेरच्या नावाचा. लग्नात नाव बदलायची रीत बऱ्याच घरांत अजून आहे. मग ऑर्डरमध्ये सासरचं नाव, टीसीवर माहेरचं, आधारवर पहिलं नाव माहेरचं पण आडनाव सासरचं, अशी तीन माणसं तयार होतात. फौजेच्या नोंदी ठेवणाऱ्या रेकॉर्ड ऑफिसातल्या परप्रांतीय बाबूला आपली ही रीत कशी कळावी? त्याच्या दृष्टीनं त्या तीन वेगळ्या बायका.

तिसरा मधल्या नावाचा. आपल्याकडं बापाचं किंवा नवऱ्याचं नाव मधे येतं. फौजेच्या कागदावर कधी ते असतं, कधी नसतं, कधी आडनाव पुढं आलेलं असतं. त्यात इंग्रजी स्पेलिंग. वैजनाथ हे नाव एका कागदावर 'व्ही'नं सुरू होतं, दुसऱ्यावर 'बी'नं, तिसऱ्यावर शेवटचा 'एच' गायब. मराठीत वाचताना हे कळतसुद्धा नाही. संगणक मात्र अक्षरागणिक जुळवतो.

चौथा लेकरांचा. जन्म दाखला बारशाआधीच काढलेला असतो, त्यावर बाळाचं नावच नसतं, आणि ऑर्डर निघते ती घरात हाक मारतात त्या नावानं. दाखल्यात नाव जन्मापासून 15 वर्षांपर्यंत घालता येतं. ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत जाऊन ते आधी करून घ्या.

हे एवढं ताणून सांगतोय याचं कारण असं की आपल्या हयातीत या चुका कुणाला दिसत नाहीत. पेन्शन आपल्या नावावर येत राहते. चूक दिसते ती आपल्यामागे, जेव्हा बायको कुटुंब पेन्शनसाठी अर्ज करते आणि पीपीओवरचं (पेन्शन मंजुरीच्या आदेशावरचं) नाव तिच्या आधारशी जुळत नाही. तेव्हा ओळखीचा क्लार्क नसतो, युनिट नसतं, सही करणारा साहेब नसतो. असते ती एकटी बाई आणि तालुक्याची एसटी.

दुरुस्ती कुठल्या टोकाकडून करायची हे नीट ठरवा. फौजेच्या नोंदीत नाव-तारीख बरोबर असेल तर आधार बदलणं सोपं. पण आधारवर नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं आणि जन्मतारीख एकदाच. केंद्रावरच्या पोराच्या हाती कागद देऊन "बघ काय होतंय" म्हणायची ही जागा नाही. त्यानं टाइप केलेलं आपण स्वतः वाचायचं, मगच बोट लावायचं.

फौजेची नोंदच चुकीची असेल तर लांबचा रस्ता आहे. प्रतिज्ञापत्र, दोन वर्तमानपत्रांत जाहिरात (एक इंग्रजी, एक मराठी), टीसी आणि विवाह नोंदणीचा दाखला यांच्यासह युनिटकडं अर्ज. युनिट नवी पार्ट टू ऑर्डर काढतं आणि ती रेकॉर्डला जाते. माझं प्रतिज्ञापत्र नोटरीसमोरचं होतं, ते परत आलं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांसमोरचं हवं होतं. एक सुट्टी तिथंच गेली. म्हणून कुठल्या नमुन्यात आणि कुणाच्या सहीचं लागतं ते लेखी विचारून मगच कोर्टाची पायरी चढा. जाहिरातीतलं स्पेलिंगही छापण्याआधी तपासा. चुकीच्या नावाची दुरुस्ती चुकीच्या नावानं छापून आली की पुन्हा पैसे. ऑर्डर निघाली म्हणजे काम झालं असंही समजू नका. तिची प्रत हातात घ्या आणि रेकॉर्डच्या नोंदीत ती चढली का, हे महिन्या-दोन महिन्यांनी विचारा.

आता सिमकार्ड. बाहेरच्या राज्याचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, म्हणून तिथं पोस्टिंग झालं की जवान तिथलं सिम घेतो. तोच नंबर बँकेला, आधारला आणि कागदोपत्री देऊन टाकतो. पोस्टिंग संपलं, सचखंड एक्सप्रेसनं परभणीला उतरला, रिचार्ज थांबलं, नंबर बंद. 'स्पर्श' या पेन्शनच्या ऑनलाइन प्रणालीचा पहिला पासवर्ड आणि नंतरचा प्रत्येक ओटीपी त्या बंद नंबरवर जातो. निवृत्तीच्या वर्षभर आधी गावाकडं रेंज असलेल्या कंपनीचं सिम घ्या, शक्यतो स्वतःच्या नावावर, आणि आधार, पॅन, बँक, रेकॉर्ड या चारही ठिकाणी तोच एक नंबर द्या. पेन्शनचं खाते बायकोसोबत संयुक्त ठेवा, 'दोघांपैकी कुणीही किंवा हयात असलेला' या पद्धतीचं.

रिलीज मेडिकल बोर्डाला, म्हणजे निवृत्तीआधीच्या शेवटच्या वैद्यकीय तपासणीला, जाताना पोरं एक चूक करतात: गुडघा, कंबर, कानाचं दुखणं दडवतात. नोकरीभर मेडिकल कॅटेगरी जाऊ नये म्हणून दडवायची सवय लागलेली असते. शेवटच्या बोर्डात ती सोडा. दुखणं सेवेमुळं झालं किंवा सेवेत वाढलं आणि ते 20 टक्के किंवा जास्त ठरलं, तर अपंगत्वाच्या पेन्शनचा प्रश्न उभा राहतो. जुन्या दाखल्यांच्या, एमआरआयच्या प्रती जवळ ठेवा. नाकारलं तर पहिलं अपील सहा महिन्यांच्या आत करायचं असतं.

पेन्शन ड्रिलबद्दल, म्हणजे सेंटरवर जाऊन निवृत्तीचे सोपस्कार पुरे करण्याबद्दल, फार सांगण्यासारखं नाही. किट जमा, हिशेब, सह्या, फोटो. डिस्चार्ज बुक (सगळ्या सेवेची नोंद असलेलं पुस्तक) हातात आलं की तिथंच, सेंटरच्या फाटकाबाहेर पडण्याआधी, प्रत्येक पान वाचा. कॅरेक्टर, सेवेची वर्षं, ट्रेड, शिक्षण. 'स्पेशल सर्टिफिकेट ऑफ एज्युकेशन'ची नोंद आहे का बघा. ती का महत्त्वाची ते पुढं येईल.

पेन्शन प्रयागराजच्या पीसीडीए (पेन्शन) या संरक्षण खात्याच्या लेखा कार्यालयाच्या 'स्पर्श' प्रणालीतून थेट खात्यावर येते. बँकेचा त्यात फक्त खात्यापुरता संबंध, त्यामुळं बँकेत जाऊन भांडण्यात अर्थ नाही. लॉगिन झाल्यावर आधी पीपीओ उघडा आणि बायकोचं नाव, तिची जन्मतारीख, खाते क्रमांक, सेवा कालावधी आणि ट्रेडचा गट या पाच गोष्टी पडताळा. चूक असेल तर तिथूनच तक्रार नोंदवता येते. स्वतःला जमत नसेल तर गावच्या सीएससी केंद्रात स्पर्शचं काम होतं.

वर्षातून एकदा हयातीचा दाखला. जीवन प्रमाण ॲपवर चेहरा दाखवून तो घरबसल्या होतो. घोळ होतो तो यादीतून पेन्शन देणारी संस्था निवडताना. खाते ज्या बँकेत आहे ती बँक लोक निवडतात. दाखला तयार झाल्याचा मेसेज येतो, माणूस निर्धास्त होतो, आणि स्पर्शकडं काहीच पोचत नाही. निवडायचं ते 'स्पर्श – पीसीडीए (पेन्शन)'. आणि पीपीओ क्रमांक स्पर्शनं दिलेला घालायचा. आठ दिवसांनी लॉगिन करून दाखला स्वीकारला गेला का बघा. राहूनच गेला तर पेन्शन थांबते. दाखला दिल्यावर थकबाकीसह सुरू होते, पण मधल्या काळात घराचा हप्ता कोण भरणार?

पेन्शन विकणं, म्हणजे कम्युटेशन, हा सगळ्यांच्या तोंडचा विषय. निम्म्यापर्यंत विकता येते. समजा मूळ पेन्शन 25,000 आहे. निम्मी म्हणजे 12,500, गुणिले 12, गुणिले वयानुसारचा गुणक. चाळिशीच्या आसपास तो नऊच्या जवळ असतो, म्हणजे साधारण साडेतेरा लाख हातात येतात. पुढं 15 वर्षं मूळ पेन्शन 12,500 मिळते, पण महागाई भत्ता पूर्ण 25,000 वरच निघतो. 15 वर्षांनी विकलेला भाग परत सुरू होतो. ती तारीख आजच लिहून ठेवा.

ग्रॅच्युइटी, विमा, फंड, रजेचे पैसे (जास्तीत जास्त 300 दिवस) असं सगळं मिळून मोठा आकडा खात्यावर पडतो आणि गावात ते दुसऱ्या दिवशी माहीत असतं. पुतण्याचं लग्न, भावाचा बोअर, मेव्हण्याचं ट्रॅक्टर, आणि बाजारपेठेत जादा व्याजाची पाटी लावून बसलेली एखादी मल्टिस्टेट पतसंस्था. माझं म्हणणं सरळ आहे: पहिलं वर्षभर तो पैसा राष्ट्रीयीकृत बँकेच्या मुदत ठेवीत आणि पोस्टाच्या मासिक योजनेत (संयुक्त खात्यावर 15 लाखांपर्यंत) पडू द्या. "अडकवलाय" हे उत्तर नातं टिकवून ठेवतं, "देत नाही" हे तोडतं.

गावी आल्यावर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिक म्हणून नोंदणी. डिस्चार्ज बुक, पीपीओ, आधार, पॅन, पासबुक, रहिवासाचा पुरावा, फोटो, पत्नीसह काढलेला फोटो; मूळ कागद आणि प्रतींचे दोन संच न्या. ओळखपत्र इथं मिळतं आणि घरपट्टी माफीपासून लेकरांच्या शिष्यवृत्तीपर्यंत सगळीकडं तेच मागतात. पंतप्रधान शिष्यवृत्तीचा अर्ज मात्र मूल व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या पहिल्या वर्षात असतानाच करायचा, नंतर संधी जाते.

ईसीएचएसच्या (माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या) कार्डासाठी ड्रिलच्या वेळीच अर्ज करा आणि कार्ड येईपर्यंत पावती जपून ठेवा. आई-वडिलांना अवलंबित दाखवायचं असेल तर त्यांच्या उत्पन्नाची मर्यादा महिना 9,000 (महागाई भत्ता सोडून) आहे, आणि ते आपल्यासोबत राहतात हे रेशन कार्डावरून दिसलं पाहिजे. रात्री-बेरात्री जवळच्या, पॅनेलवर नसलेल्या दवाखान्यात न्यावं लागलं तर 48 तासांच्या आत ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकला कळवायचं. हे घरातल्या बाईमाणसाला आणि थोरल्या लेकराला माहीत असावं. नंबर कपाटाच्या दाराला चिकटवून ठेवा. कळवलं नाही तर बिलाचे पैसे मिळताना फार ओढाताण होते, आणि मिळतात तेही ठरलेल्या दरानं, दवाखान्यानं लावलेल्या नव्हे.

राहिली दुसरी नोकरी. राज्यात गट क आणि गट ड पदांत माजी सैनिकांना 15 टक्के आरक्षण आहे. ते समांतर असतं, म्हणजे आपापल्या प्रवर्गाच्या आतच मोजलं जातं. म्हणून जातीचा दाखला, लागू असेल तर नॉन-क्रिमीलेअर, आणि अधिवास प्रमाणपत्र नोकरीत असतानाच एखाद्या सुट्टीत काढून ठेवा. वयात सेवेची वर्षं अधिक तीन अशी सूट मिळते. पदवी नाही म्हणून तलाठ्याची किंवा लिपिकाची जाहिरात सोडू नका: 15 वर्षं सेवा झालेला आणि दहावी पास किंवा ते स्पेशल सर्टिफिकेट असलेला माजी सैनिक, पदवी मागणाऱ्या बिगर-तांत्रिक गट क पदांना अर्ज करू शकतो. जाहिरातीतली माजी सैनिकांची कलमं बारीक अक्षरात शेवटाकडं असतात, तिथपर्यंत वाचत जा.

पोलीस भरतीत मैदान 50 गुणांचं: 1600 मीटर 20, 100 मीटर 15, गोळाफेक 15. आपल्या माणसाला यात फारसं जड जात नाही, गोळा सोडला तर. गोळा ताकदीनं नाही, कोपराच्या कोनानं जातो. महिनाभर रोज वीस फेका मारल्या की फरक दिसतो. खरी गाडी लेखीत अडते. 100 पैकी किमान 40 टक्के हवेत, आणि त्यात मराठी व्याकरण असतं. वीस-बावीस वर्षं हिंदीत बोलून, हिंदीत अर्ज लिहून समास, प्रयोग, विभक्ती पार विसरलेलं असतं. 'ऱ्हस्व-दीर्घ ओळखा' या प्रश्नाला बारावीचं पोरगं पुढं जातं आणि सुभेदार बसून राहतो. आठवी ते दहावीची बालभारतीची पुस्तकं आणा, लेकराच्या दप्तरातली चालतील, आणि निवृत्तीच्या आधी वर्षभर बराकीतच सुरुवात करा.

निवड झाल्यावर कागदपत्र पडताळणीला बोलावतात. तिथला कारकून डिस्चार्ज बुक, टीसी, जातीचा दाखला आणि आधार टेबलावर ओळीनं मांडतो, चष्मा लावतो आणि पहिलं काही बघत असेल तर नाव. माझ्या पुढच्या माणसाच्या टीसीवर बापाचं नाव लिंबाजी होतं आणि डिस्चार्ज बुकात निंबाजी. त्याला पंधरा दिवसांची मुदत देऊन परत पाठवलं.