कमरेला लटकलेला पाना आणि खाली उभा असलेला माणूस

स्कॅफोल्डिंगवर, म्हणजे बांधकामाला लावलेल्या पाइपांच्या सांगाड्यावर, चढणारा माणूस स्वतःच्या पडण्याचा विचार करतो, हार्नेस म्हणजे पडताना झेलणारे अंगावरचे पट्टे घालतो, हूक लावतो, सगळं बरोबर, पण त्याच्या कमरेला जी चार-पाच हत्यारं लटकतायत ती पण पडू शकतात आणि ती पडली तर वरच्याला काही होत नाही, जे व्हायचं ते खालच्याला होतं. म्हणूनच असेल कदाचित, या विषयावर कोणी मनावर घेऊन बोलत नाही असं मला कायम वाटत आलंय. आज त्यावरच लिहितो, जरा सविस्तर.

आधी आकडे बघू, कारण त्याशिवाय पटत नाही. समजा अर्ध्या किलोचा पाना आहे. १० मीटरवरून सुटला तर खाली पोचायला त्याला साधारण १.४ सेकंद लागतात आणि जमिनीजवळ येईपर्यंत त्याचा वेग ताशी ५० किलोमीटर झालेला असतो. २० मीटरवरून पडला तर २ सेकंद आणि वेग ताशी ७० च्या आसपास. आता या दोन सेकंदांत वरच्याला कळलं पाहिजे की पाना सुटला, मग त्याने ओरडायचं, खालच्याने ते मशीनच्या आवाजात ऐकायचं, समजून घ्यायचं आणि बाजूला व्हायचं. नाही होत ते. उलट ओरडा ऐकला की माणूस पहिलं काय करतो तर मान वर करून बघतो, म्हणजे तोंडच पुढे करतो.

हेल्मेट आहे ना मग, असं म्हणणारे भेटतात. हेल्मेट हवंच, त्यात वादच नाही, पण ते किती झेलतं ते पण माहीत पाहिजे. युरोपातलं ईएन ३९७ मानक आहे त्यात ५ किलोचं वजन १ मीटरवरून हेल्मेटवर टाकून बघतात, म्हणजे झाली ४९ ज्यूल ऊर्जा. आपला अर्ध्या किलोचा पाना १० मीटरवरून आला की हिशोब बरोब्बर तेवढाच येतो, ४९ ज्यूल. २० मीटरवरून त्याच्या दुप्पट. म्हणजे तीन-चार मजल्यांची उंची ओलांडली की तुम्ही त्या हेल्मेटकडून तपासणीत मागितलं त्यापेक्षा जास्त मागताय. आणि खांदा, मान, पाठ, वाकलेला असेल तर कंबर, यावर तर काहीच नसतं.

२०१४ च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत न्यू जर्सीमधल्या जर्सी सिटीत एक घटना झाली होती, ती मी नवीन पोरांना नेहमी सांगतो. बांधकाम चालू असलेल्या इमारतीवर जवळपास पन्नासाव्या मजल्याच्या उंचीवर एका कामगाराच्या बेल्टवरून मोजायचा टेप सुटला. साधा टेप, वजन अर्धा किलोसुद्धा नाही. खाली येता येता तो जमिनीपासून थोड्या उंचीवर कशावर तरी आपटला, उडाला आणि माल पोचवायला आलेल्या एका माणसाच्या डोक्याला लागला. तो गेला. त्या वेळी त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं. दोन गोष्टी बघा यात, एक म्हणजे ज्याला आपण हत्यारात पण धरत नाही असा टेप होता तो, आणि दुसरी म्हणजे टेप सरळ खाली पडला नाही, आपटून दिशा बदलली. स्कॅफोल्डिंगवर तर दर पावलाला आडवा-उभा पाइप आहे, हत्यार पाइपवर आपटलं की कुठल्या बाजूला उडेल ते सांगता येत नाही, म्हणून फक्त बरोबर खालच्या जागेला पट्टी बांधून घेरलं म्हणजे झालं असं समजू नका, उंची वाढेल तसा तो घेर पण बाहेर सरकवावा लागतो.

आणखी एक गोष्ट जी स्कॅफोल्डिंग बांधणाऱ्यांनाच लागू होते, बाकीच्यांना तितकी नाही. प्लास्टरवाला, रंगवाला, खिडक्या बसवणारा हे लोक वर येतात तेव्हा फळ्या पूर्ण अंथरलेल्या असतात, रेलिंग असतं, कडेला टो बोर्ड असतो, म्हणजे फळीच्या काठाला उभी लावलेली साधारण १५ सेंटिमीटरची पट्टी, जाळी पण असते बऱ्याचदा. त्यांचा पाना हातातून सुटला तर फळीवर पडेल, टो बोर्डला अडेल. आपण काम करतो तेव्हा यातलं काहीच नसतं कारण तेच तर आपण बांधत असतो. शेवटची लिफ्ट, म्हणजे स्कॅफोल्डिंगचा सगळ्यात वरचा थर, चढवताना दोन फळ्यांवर उभं राहायचं, पुढे मोकळं, मागे मोकळं. तिथे हत्यार आणि जमीन यांच्यामध्ये एकच गोष्ट असते, ती म्हणजे हत्याराला बांधलेली दोरी. असेल तर.

आता मुद्द्याचं. बेल्टवरचा होल्डर हत्यार ठेवायला असतो, धरून ठेवायला नाही. चामड्याचा होल्डर असो नाहीतर लोखंडी कडी, माणूस सरळ उभा आहे तोवर पाना त्यात बसून राहतो. पण स्कॅफोल्डिंगवर सरळ उभं कोण राहतं? ब्रेसच्या म्हणजे तिरक्या पाइपच्या खालून वाकून जायचं, लेजरवर म्हणजे आडव्या पाइपवर पाय टाकून पलीकडे जायचं, शिडीच्या झडपेतून अंग वर ओढायचं, आणि प्रत्येक वेळी कमरेचं सामान कशाला तरी घासतं, पाइपचं तोंड खालून पान्याला लागतं आणि पाना अलगद वर उचलला जातो, कळत पण नाही. माझ्या बघण्यात हत्यारं काम करताना कमी सुटतात. नट आवळताना माणसाचं सगळं लक्ष पान्यावर असतं, पकड घट्ट असते. सुटतात ती काढताना, परत ठेवताना, एका हातातून दुसऱ्या हातात घेताना, आणि असं चालता-वाकताना घासून. परत ठेवताना तर जास्तच, कारण नट आवळून झालं की डोकं पुढच्या पाइपकडे गेलेलं असतं आणि हात अंदाजाने होल्डर शोधत असतो.

म्हणून लॅनयार्ड, म्हणजे हत्यार बेल्टला बांधून ठेवणारी ती दोरी. प्रत्येक हत्याराला आपली स्वतःची, एकालाही सूट नाही, टेपला नाही, पक्कडला नाही, त्या छोट्या चुंबकवाल्या लेव्हलला पण नाही.

लॅनयार्डची लांबी हा विषय लोक फार हलक्यात घेतात. आखूड असेल तर डोक्याच्या वरचा क्लॅम्प, म्हणजे दोन पाइप जोडणारी पकड, आवळताना हात पोचत नाही, मग माणूस काय करतो, हूक काढून टाकतो, आणि एकदा काढला की दिवसभर तो तसाच. म्हणजे आखूड लॅनयार्ड देणं म्हणजे लॅनयार्ड न देणंच झालं. फार लांब असेल तर ती पाइपात, क्लॅम्पच्या बोल्टमध्ये अडकते, शिवाय हत्यार सुटलं तर तेवढ्या लांबीत वेग घेऊन झोका खातं आणि आपल्याच गुडघ्यावर नाहीतर खालच्या लिफ्टवरच्या माणसावर येतं. मला गुंडाळीसारखी आकसणारी बरी वाटते, हात वर केला की ताणते, ठेवली की कमरेजवळ येते. फक्त हलक्या हत्याराला फार ताठ रबरी वापरू नका, ती सुटलेलं हत्यार परत तोंडाकडे फेकू शकते. बेल्ट बांधून, हात पूर्ण वर ताणून, मग पूर्ण बाजूला ताणून बघायचं, दोन्हीकडे पोचलं तर लांबी बरोबर, आणि हे जमिनीवर करायचं, वर जाऊन नाही.

आता लॅनयार्ड बांधायची कुठे. बऱ्याच पान्यांना कारखान्यातूनच कडी किंवा भोक असतं, असं हत्यार घेता येत असेल तर तेच घ्या. नसेल तर हत्याराला गुंडाळायची खास टेप आणि कडी मिळते ती लावा, पण ती सांगितलंय तशीच आणि तेवढीच गुंडाळायची. स्वतः ड्रिलने भोक पाडायचं नाही, वेल्डिंग करून कडी चिकटवायची नाही. भोक पाडलं की तिथे लोखंड कमी होतं, वेल्डिंगच्या उष्णतेने हत्याराचं पाणी उतरतं, आणि मग पाना जोर लावताना तिथूनच तुटेल. चपलेचा बंद, नायलॉनची दोरी, बाइंडिंग वायर असले जुगाड मी बघितलेत, गाठ किती वजन घेईल ते बांधणाऱ्याला पण माहीत नसतं. दुसरं टोक बेल्टच्या त्याच कडीला लावायचं जी हत्यारासाठी दिलेली आहे. हार्नेसच्या पाठीवरची डी रिंग, म्हणजे डी आकाराची कडी, आपल्या जिवासाठी आहे, तिथे हत्यार लावायचं नाही. आणि बेल्टचं बक्कल प्लास्टिकचं चिमटावालं असेल तर जरा विचार करा, पाइप घासून ते बक्कलच उघडलं तर सगळ्या लॅनयार्ड बेल्टला नीट बांधलेल्या असून पूर्ण बेल्टच खाली जाणार. अमेरिकेत २०१८ मध्ये याच विषयावर एक मानक आलं, एएनएसआय/आयएसईए १२१, त्यात बघितलं तर चार गोष्टी वेगवेगळ्या तपासायला सांगितल्यात, माणसाकडची किंवा ढाच्याकडची अडकवायची जागा, हत्याराकडची कडी, मधली लॅनयार्ड, आणि सामानाच्या पिशव्या-बादल्या. चारही. आपल्याकडे लोक फक्त मधली घेतात विकत.

बेल्टवर कुठे काय ठेवायचं यावर प्रत्येकाचं वेगळं मत असतं, माझं सांगतो. पाठीच्या मधोमध, मणक्यावर काहीही नको, हार्नेसने झेलला तरी माणूस झोका खाऊन पाइपवर आदळू शकतो आणि मग मणका आणि पाइप यांच्यामध्ये हातोडा नको. पोटाच्या मधोमध पण नको, शिडी चढताना मांडी वर येते तिथे टोचतं. राहिल्या दोन्ही बाजू. ज्या हाताने काम करतो त्या बाजूला पाना, कारण तो दिवसात सगळ्यात जास्त वेळा निघतो, दुसऱ्या बाजूला हातोडा आणि टेप, म्हणजे वजन पण वाटलं जातं. टोकाचं जे असेल ते टोक खाली करून, म्यानात, कटर असेल तर पातं आत जाणारा. आणि जागा ठरली की बदलायची नाही, आज उजवीकडे उद्या डावीकडे असं केलं की हाताला सवयच लागत नाही आणि परत ठेवताना चाचपडणं चालू होतं, जे वर म्हटलं तेच.

हातोड्याची लोंबती कडी मला आवडत नाही. दांडा मांडीवर आपटत राहतो आणि शिडीच्या पायऱ्यांत घुसतो. दांडा आखूड राहील असा होल्डर असेल तर ठीक.

हार्नेस आधी घालायचा, सगळ्या पट्ट्या ओढून नीट करायच्या, मग वरून बेल्ट. बेल्टमुळे मांडीच्या पट्ट्या दबत असतील, सरकत असतील तर तो बेल्ट त्या हार्नेसबरोबर चालत नाही, दुसरा बघा.

क्लॅम्पबद्दल बोलायलाच पाहिजे. काटकोनात दोन पाइप धरणारा एक क्लॅम्प साधारण एक किलोचा असतो, कधी थोडा जास्तच. आणि पोरं काय करतात, खाली-वर नको म्हणून सात-आठ क्लॅम्प कमरेच्या पिशवीत कोंबतात, पिशवीचं तोंड उघडं, वरचा क्लॅम्प अर्धा बाहेर. आठ किलो एका बाजूला ओढतायत, बेल्ट तिरका झालाय, त्यामुळे दुसऱ्या बाजूचा होल्डर पण तिरका, आणि वाकला की काहीतरी बाहेर येणारच. क्लॅम्प कमरेला नकोतच. तोंडाला दोरी ओढून बंद होणारी पिशवी घ्या, ती दोराने वर ओढा आणि वर पाइपला अडकवून ठेवा. कमरेच्या पिशवीत फार तर सुटे नट, वायसर, आणि तिचंही तोंड बंद होणारं पाहिजे. दिवस संपला की ती पिशवी रिकामी करायची, तळाशी तुटके बोल्ट आणि वायरचे तुकडे साठून राहतात आणि मग दुसऱ्या दिवशी मूठ घालून काढताना तेच उडतात.

जड हत्यारांचं पण तसंच, साधारण सव्वादोन किलोच्या वरचं काही अंगाला बांधायचं नाही, ते स्ट्रक्चरला बांधायचं. एवढं वजन अंगावर झटका देऊन लोंबकळलं तर माणसाचा तोलच जाईल, हत्यार वाचवायच्या नादात माणूस. मनगटाला बांधायचे पट्टे असतात ते अगदी हलक्या वस्तूंना ठीक, पण फिरणाऱ्या मशीनजवळ अजिबात नाही, पट्टा गुंतला की मनगट आत ओढलं जातं.

एकमेकांना हत्यार देणं हा तर वेगळाच धोका. "घे रे" म्हणून वरच्या लिफ्टवर फेकायचं आणि त्याने झेलायचं, दहापैकी नऊ वेळा झेलतो म्हणून सवय होते. बरोबर पद्धत अशी की घेणाऱ्याने आपली लॅनयार्ड हत्याराला आधी लावायची, मग देणाऱ्याने आपली काढायची, म्हणजे मधला एक क्षणसुद्धा हत्यार मोकळं नाही. त्यासाठी हत्यारावर दोन हूक बसतील एवढी कडी लागते. जास्तीचे दोन-तीन सेकंद जातात, जाऊ द्या.

राहता राहिलं तपासणं. सकाळी चढायच्या आधी शिलाई उसवली आहे का, हूकचं तोंड आपोआप बंद होतंय का, टेप गुंडाळलेली कडी सरकते आहे का, होल्डरचं चामडं ढिलं झालंय का, एवढं हाताने ओढून बघायचं, नुसतं नजरेने नाही. आणि एखादं हत्यार सुटून लॅनयार्डने झेललं असेल तर ती लॅनयार्ड त्याच दिवशी बाद, वरून चांगली दिसत असली तरी. आतले धागे ताणले गेलेत की नाही ते बाहेरून दिसत नाही. कापून टाका तिथल्या तिथे, म्हणजे दुसरं कोणी कचऱ्यातून उचलून वापरणार नाही, आणि कोणाची सुटली, काय करताना सुटली ते टीममध्ये लगेच सांगा, रागावणं नको, फक्त त्या जागी होल्डर बदलायचा की लांबी बदलायची ते ठरवून मगच परत वर चढा.