२३.५ नव्हे, २०

रात्रीचे पावणेबारा. घरी येऊन तास होऊन गेला, तरी डोक्यातून प्रयोगशाळा जात नाही. आजचं आजच लिहून ठेवते, नाहीतर उद्या मी स्वतःचीच समजूत काढायला लागेन.

दुपारी चारच्या सुमारास चूक सापडली. पाच महिने आम्ही लाल क्वांटम डॉट एलईडीच्या, म्हणजे काही नॅनोमीटरच्या अर्धवाहक कणांपासून केलेल्या दिव्यांच्या, एका रचनेवर काम करतोय आणि गेल्या महिन्यापासून त्या दिव्यांची बाह्य क्वांटम कार्यक्षमता २३.५ टक्के येत होती. म्हणजे आत सोडलेल्या दर शंभर इलेक्ट्रॉनांमागे साडेतेवीस फोटॉन बाहेर पडतात. आकडा सुंदर होता. अशक्य असता तर पहिल्याच दिवशी पकडला असता. काचेवरच्या साध्या सपाट दिव्यात आत तयार झालेल्या प्रकाशाचा जेमतेम पाचवा हिस्सा बाहेर येतो, बाकीचा थरांमध्ये आणि काचेत आतल्या आत परावर्तित होऊन अडकतो. पण थरांची जाडी नेमकी जमली तर त्याहून थोडा जास्तही निघू शकतो. त्यामुळे साडेतेवीस पटण्यासारखा होता. मलाही पटला.

आज लेखासाठी दिव्याचा फोटो हवा म्हणून माझ्या विद्यार्थ्याने तो सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला. लाल चौकोन पेटला आणि मी सहज मोजपट्टी लावली. एक बाजू २ मिलिमीटर, दुसरी १.७. मला वाटलं, भिंग बदलल्यावर मोजपट्टी बदलायची राहिली असेल. बदललेली होती.

आम्ही सगळीकडे क्षेत्रफळ धरलं होतं २ गुणिले २, म्हणजे ४ चौरस मिलिमीटर. खरं होतं ३.४. मोजण्याच्या पद्धतीत हे लपून राहतं, कारण प्रकाशमापक चौकोनाच्या मधला एक छोटा ठिपकाच बघतो, विद्युतप्रवाह मात्र आपण अख्ख्या दिव्याचा मोजतो आणि क्षेत्रफळाने भागतो. भागाकारात क्षेत्रफळ मोठं धरलं की प्रवाहाची घनता कमी दिसते आणि कार्यक्षमता फुगते. साडेतेवीसला ३.४ ने गुणून ४ ने भागलं. १९.९७५.

कारण शोधायला फार वेळ लागला नाही. काचेवरच्या आयटीओच्या, म्हणजे वीज वाहून नेणाऱ्या पारदर्शक थराच्या, पट्ट्या आम्ही टेप लावून, जस्ताची पूड आणि हायड्रोक्लोरिक आम्ल वापरून कोरतो. आम्ल टेपच्या कडेखाली झिरपलं आणि दोन्ही बाजूंनी दीड दशांश मिलिमीटर पट्टी खाल्ली गेली. नवीन टेपचं रीळ बरोबर गेल्या महिन्यात फोडलं होतं.

माझा विद्यार्थी बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मॅडम, वीससुद्धा चांगलाच आकडा आहे ना?" मी म्हटलं, "चांगला आहे. आणि खरा आहे." पण त्याचा चेहरा पाहून घशात काहीतरी अडकलं. त्याच्या वयाची असताना असं मला कुणी सांगायला हवं होतं आणि कुणी सांगितलं नव्हतं.

पीएच.डी.च्या पहिल्या वर्षातली ती संध्याकाळ आठवली. कॅडमियम सेलेनाइडचे कण पहिल्यांदा स्वतःच्या हाताने केले तेव्हाची. तीन तोंडांचा चंबू, आत ३०० अंशांवर तापलेलं द्रावण, हवा आत शिरू नये म्हणून वरून आरगॉन वायू, आणि हातात सेलेनियमचं द्रावण भरलेली सिरिंज. दट्ट्या एका दमात दाबायचा. हात कचरला तर कण एकाच वेळी जन्माला येत नाहीत, लहानमोठे होतात आणि रंग पसरट होतो. मी दाबला. बिनरंगी द्रावण पिवळं झालं, मग केशरी, आणि मी घड्याळ बघत दर वीस सेकंदांनी थोडं थोडं बाहेर काढत राहिले. अतिनील दिव्याखाली कुप्या ओळीने ठेवल्या तेव्हा हिरव्यापासून लालपर्यंत सगळे रंग होते. पदार्थ एकच, रसायन एकच, फरक फक्त दोनतीन नॅनोमीटरचा. कण लहान केला की आतल्या इलेक्ट्रॉनाला जागा अपुरी पडते, ऊर्जापातळ्या लांब सरकतात आणि प्रकाश निळ्याकडे झुकतो. हे पुस्तकात वाचलं होतं, पण समोर पाहिल्यावर मी खुर्चीत बसून राहिले.

ही पद्धत १९९३ सालची, बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. त्याआधी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला एकिमोव्ह यांनी काचेत आणि ब्रुस यांनी द्रावणात आकारानुसार रंग बदलतो हे दाखवलं होतं. २०२३ मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं तेव्हा आम्ही सगळे ग्लव्हबॉक्ससमोर, म्हणजे हातमोजे बसवलेल्या हवाबंद पेटीसमोर, फोन धरून उभे होतो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ज्यांच्या पद्धतीने हात भाजून घेतले, त्यांचं नाव ऐकताना आपल्या घरातलं कुणी असल्यासारखं वाटतं.

पण कुपीतला उजेड आणि दिव्यातला उजेड यांत केवढं अंतर आहे हे त्या संध्याकाळी मला ठाऊक नव्हतं. माझी पुढची सगळी वर्षं त्याच अंतरात गेली. चार नॅनोमीटरच्या कणात साधारण तिसरा हिस्सा अणू पृष्ठभागावर असतात. तिथले अर्धवट राहिलेले बंध इलेक्ट्रॉनाला पकडतात आणि प्रकाशाऐवजी उष्णता होते. म्हणून कणावर झिंक सल्फाइडचं कवच चढवायचं, वरून लिगँडच्या, म्हणजे पृष्ठभागाला धरून राहणाऱ्या रेणूंच्या, लांब शेपट्या. द्रावणात हे सगळं छान चालतं. त्याच कणांचा पातळ थर केला की ते एकमेकांना चिकटतात, एकाची ऊर्जा दुसऱ्याकडे उडी मारते आणि वाटेत एखादा सदोष कण भेटला की गिळली जाते. त्याच्या दोन्ही बाजूंना थर लावून वीज सोडली की आणखी एक दुखणं: एका बाजूने इलेक्ट्रॉन भराभर येतात, दुसऱ्या बाजूने धनभार रेंगाळतो, कणावर जास्तीचा भार साठतो आणि उजेड विझतो. कुपीत नव्वद टक्के देणारे कण दिव्यात पाच टक्क्यांवर येताना मी पाहिलेत.

लोक विचारतात, क्वांटम डॉटचे टीव्ही तर घराघरांत आलेत, मग तुम्ही अजून काय शोधताय? त्यांतल्या जवळजवळ सगळ्या टीव्हींमध्ये कण फक्त निळ्या उजेडाचं लाल-हिरव्यात रूपांतर करतात. कणांना स्वतः वीज देऊन पेटवायचं, आणि निळ्या रंगात वर्षानुवर्षं पेटत ठेवायचं, हे काम अजून बाकी आहे. त्यातही कॅडमियमशिवाय. इंडियम फॉस्फाइडचे कण हवेचा वारा लागला तरी पृष्ठभागावर ऑक्साइड धरतात. त्यांच्यावर घालवलेली तीन वर्षं मी वेगळी लिहीन कधीतरी.

आज मनात दुसरंच घोळतंय. माझ्या प्रबंधात एका रचनेसाठी मी जो आकडा दिला, तो चाळीस दिव्यांमधल्या सर्वांत चांगल्या एका दिव्याचा होता. तसं लिहिलंही होतं, 'सर्वोत्तम' हा शब्द होता. पण उरलेल्या एकोणचाळीसांचं काय झालं ते लिहिलं नव्हतं. त्यांतले अकरा पेटलेच नव्हते. त्या अकरा दिव्यांत मला आज जास्त रस आहे. ते का पेटले नाहीत हे शोधलं असतं तर पृष्ठभागाबद्दल जे मला सहा वर्षांनी कळलं ते तेव्हाच कळलं असतं. आपल्या क्षेत्राने सर्वोत्तम आकड्याशेजारी सरासरी, दिव्यांची संख्या आणि मोजलेलं क्षेत्रफळ छापायची सक्ती करावी, असं मला अगदी मनापासून वाटतं.

संध्याकाळी आम्ही दोघांनी ड्रॉवर उघडून त्या महिन्याचे सगळे दिवे काढले. एकूण ३२. काही दिवे बंद करून ठेवल्यावर चारपाच दिवसांत आपोआप सुधारतात, मुरल्यासारखे, म्हणून प्रत्येकाच्या पुडीवर तारीख असते. एकेक सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा, पेटवायचा, दोन्ही बाजू मोजायच्या. तो मोजत होता, मी लिहीत होते. आखूड झालेली बाजू सगळ्यात लहान १.६४ मिलिमीटर, सगळ्यात मोठी १.८१. तिसाव्या दिव्यापर्यंत त्याचा आवाज नेहमीसारखा झाला होता. मध्येच म्हणाला, "हा बघा, कडेला जास्त उजळ आहे." खरंच होता. कडेला थर जाड-पातळ होत असणार. हे आम्ही पाच महिन्यांत एकदाही पाहिलं नव्हतं.

निघताना त्याने प्रयोगवही पुढे केली आणि जुना आकडा कसा खोडायचा विचारलं. मी म्हटलं, गिरगटायचं नाही, वर पांढरी शाई नाही, एकच आडवी रेघ, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. त्याने २३.५ वर रेघ मारली, शेजारी २०.० लिहिलं, कारण लिहिलं, तारीख घातली, सही केली. त्याखाली मी सही केली.

उद्या सकाळी नवीन काचा कोरायला घ्यायच्या आहेत. टेप नाही, फोटोरेझिस्ट, म्हणजे प्रकाशाने आकार देता येणारा लेप. आणि तो उजळ कड असलेला दिवा मी वेगळ्या पुडीत ठेवलाय.