"तुम्ही सांगितलं म्हणून, मॅडम"

पदवीच्या दुसऱ्या वर्षाला संशोधन प्रकल्प सुरू करायचे ठरले, तेव्हा विषयांची यादी मीच केली. मुलांनी मन लावून काम केलं. पण तोंडी परीक्षेत एकीला विचारलं, "हेच का मोजलंस?" तर ती म्हणाली, "तुम्ही सांगितलं म्हणून, मॅडम." ते उत्तर मला फार लागलं.

पुढच्या वर्षी यादी केलीच नाही. पहिले तीन आठवडे नुसते प्रश्न शोधायला दिले. विभागात वाद झाला. पोर्शन कधी संपणार, ही सहकाऱ्यांची काळजी खरीच होती.

अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठात मार्गारेट मॅकव्हिकर यांनी १९६९ साली पदवीच्या विद्यार्थ्यांना प्राध्यापकांच्या संशोधनात सामील करून घेणारा 'यूरॉप' उपक्रम सुरू केला. माझ्याकडे साठ मुलं आणि एकच प्रयोगशाळा, म्हणून मी संशोधन प्रात्यक्षिकाच्या तासातच आणलं. अभ्यासक्रमात गुंफलेल्या अशा संशोधनाला 'क्युअर' म्हणतात. त्यात उत्तर शिक्षकालाही आधी माहीत नसतं, आणि काम पुन्हा करून बघायला वाव ठेवावा लागतो. या दुसऱ्या गोष्टीकडे मी पहिल्या वर्षी साफ दुर्लक्ष केलं होतं.

एका गटाचा प्रश्न होता, "प्रदूषित पाण्याचा झाडांवर काय परिणाम होतो?" कुठलं पाणी? कुठलं झाड? परिणाम म्हणजे मोजायचं काय? असं विचारत विचारत शेवटी उरलं ते एवढंच: साबणाच्या पाण्यात मुगाचे किती दाणे रुजतात. पहिल्या खेपेला सगळ्या पेट्री डिशमध्ये बुरशी आली, साध्या पाण्याच्यासुद्धा. मुलं रडकुंडीला आली. आधीच्या वर्षी वेळ संपला म्हणून मी त्यावरच निष्कर्ष लिहून घेतला असता. या वेळी दोन आठवडे पुन्हा करण्यासाठीच राखून ठेवले होते. दाणे आधी निर्जंतुक करावे लागतात, हे त्यांनी स्वतः वाचून काढलं. ब्लीचमध्ये किती मिनिटं ठेवायचे, यावर तर जोरदार भांडण झालं.

गुणांचं मी लगेच ठरवून टाकलं: निम्मे नोंदवहीला, फसलेल्या प्रयोगाच्या नोंदींसकट.

दुसऱ्या खेपेच्या चौथ्या दिवशी त्यांच्यातल्या एकीचा मेसेज आला: "मॅडम, दाणे सगळीकडे रुजलेत, पण साबणाच्या पाण्यात मुळं आखूड आहेत. आपण चुकीचीच गोष्ट मोजत होतो का?" सोबतच्या फोटोत मुळाशेजारी तिने पट्टी ठेवली होती.