दोन दिवस न हललेली क्रँक पुली

इंजिनच्या पुढच्या बाजूने तेल झिरपत होतं आणि टायमिंग बेल्टही (इंजिनचे व्हॉल्व्ह वेळेवर उघडवणारा पट्टा) बदलायला आला होता, म्हणून एकदाच सगळं उघडायचं ठरवलं. त्यावरचं टायमिंग कव्हर काढायचं तर आधी क्रँक पुली, म्हणजे इंजिनच्या मुख्य शाफ्टच्या (क्रँकच्या) टोकावरची पुली, निघाली पाहिजे. मला वाटलं होतं हे तासाभराचं काम, त्यात अख्खे दोन दिवस गेले.

बॅटरीची वायर सोडली, गाडी जॅकवरून स्टँडवर घेतली आणि उजवं पुढचं चाक काढलं, कारण माझ्या गाडीच्या आडव्या इंजिनची पुली त्याच बाजूने दिसते. बोल्ट फिरवायला लागलो की क्रँकही सोबत फिरते, म्हणून पाचवा गिअर टाकला आणि दादाला ब्रेकवर बसवलं. चाक काढलेल्या बाजूची डिस्क नुसती सैल बसलेली असते, ती चाकाच्याच नटांनी परत आवळून ठेवली, नाहीतर ब्रेक दाबूनही तिथे खेळ राहतो. काही जण सॉकेट अडकवून स्टार्टर मारतात आणि बोल्ट सोडवतात, ते मी करणार नव्हतो, दांडा सटकला तर हात जातो.

"दादा, मी सांगेपर्यंत पाय उचलू नकोस," म्हणून ब्रेकर बारवर (सॉकेटच्या लांब दांड्यावर) मीटरभर पाईप चढवला आणि जोर लावला. मॅन्युअलमध्ये बसवतानाचा टॉर्क, म्हणजे आवळायचा पिळ, १८० न्यूटन मीटर होता, पण इतकी वर्षं गंज खाल्लेला बोल्ट त्या आकड्यावर थोडाच सुटतो. मीटरभर पाईपच्या टोकाला ६० किलो वजन टाकलं की जवळपास ५९० न्यूटन मीटर होतात, आणि मी जवळजवळ लटकलोच होतो तेव्हा कुठे 'कट्ट' आवाज आला. आवाज ऐकून दादा घाबरला, त्याला वाटलं बोल्ट तुटला. तुटला नव्हता, सुटला होता. हा बोल्ट इतका घट्ट का असतो हेही तेव्हा त्याला सांगितलं. बऱ्याच इंजिनात पुली आणि टायमिंग गिअर या बोल्टच्या दाबानेच शाफ्टवर पकडून राहतात, मधली छोटी चावी (शाफ्टच्या खाचेत बसणारा लोखंडी तुकडा) फक्त जागा जुळवायला असते, सगळा भार तिच्यावर आला तर ती कापली जाते.

बोल्ट निघाला आणि पुली जागची हलेना. गंज सोडवायचं तेल मारलं, कडेने लाकडी ठोकळा धरून ठोकलं, रात्रभर तसंच ठेवलं, सकाळी परत तेच. तापवायचा विचार आला होता, पण लगेच मागे ऑइल सील (शाफ्टभोवती तेल अडवणारी कडी) असतं आणि पुलीतही रबर असतं, म्हणून तो विचार सोडला.

मग तीन पायांचा पुलर, म्हणजे पुली ओढून काढायचं हत्यार, आणला आणि पाय बाहेरच्या कडेला अडकवले, म्हणजे जिथे बेल्ट बसतो तिथे. इथे मी चुकलो. ही पुली एकसंध नसते, आतला हब वेगळा, बाहेरचा रिंग वेगळा आणि दोघांच्या मध्ये क्रँकचे हादरे शोषायला रबर चिकटवलेलं. स्क्रू आवळत गेलो, बाहेरचा रिंग पुढे सरकतोय असं वाटलं, खूप बरं वाटलं, आणि टॉर्च मारून पाहतो तर हब जागच्या जागी, एका बाजूला रबर तीन बोटं सुटून आलेलं! लगेच पुलर सैल केला. पोटात गोळा आला होता, कारण हे रबर सुटलं की रिंग घसरतो, बेल्ट तिरका पळतो, आणि पुलीवर टायमिंगची खूण असेल तर तीही खोटी ठरते.

थोडा वेळ काहीच केलं नाही. मग वायर ब्रशने हब नीट घासला आणि धुळीखाली समोरासमोर दोन भोकं दिसली, गंज आणि चिखलाने भरलेली. सुईने कोरून काढली तर आत आटे! पुली ओढायची जागा हीच होती, कालपासून डोळ्यांसमोर होती. जाड लोखंडी पट्टीला तीन भोकं पाडली, बाजूच्या दोन भोकांतून एम८ बोल्ट हबमध्ये घातले, मधल्या भोकावर नट वेल्ड करून त्यातून ढकलणारा स्क्रू घेतला. तो स्क्रू थेट शाफ्टच्या तोंडावर टेकवला नाही, तिथले आटे गेले तर इंजिनच खोलावं लागतं, म्हणून आट्यांना न लागता तळाशी टेकेल असा बारीक बोल्ट आत सोडला आणि त्याच्या डोक्यावर दाब दिला.

पाव फेरा आवळायचं, थांबायचं, हबवर कडेने हलकं टकटक करायचं, परत पाव फेरा, पट्टी तिरकी होत नाही ना ते दर वेळी बघायचं. सातव्या की आठव्या वेळेला 'टक्' झालं आणि हब दोनेक मिलीमीटर पुढे आला. दादा आतून ओरडला, "आली का?" आली होती.

शाफ्टवर गंजाचं गोल कडं बसलं होतं, बाकी चावी शाबूत, खाच शाबूत. तो गंज बारीक एमरीने साफ केला, नवीन सील बसवलं, बेल्ट बदलला. जुनी पुली परत लावायचा प्रश्नच नव्हता, नवीन आणली, बोल्टही नवीन घेतला, आणि शाफ्टवर तेलाचा हलका हात फिरवून टॉर्क रेंचने आवळला. मग स्टार्टर मारायच्या आधी पान्याने क्रँक दोन पूर्ण फेरे फिरवली, खुणा परत जुळल्या, कुठेही अडकलं नाही.

जुन्या पुलीचा रिंग मी नंतर हाताने पिळून पाहिला, तर तो हबवर सरळ फिरला. आठवडाभर रोज सकाळी गाडीखाली पुठ्ठा सरकवून बघत होतो, एक थेंब नाही.