स्वस्ताई टिकली पाहिजे

पुण्यात नोकरी करणारा माझा भाचा आता बेळगावातच काम शोधतो आहे. आज त्याच्यासोबत अनगोळ आणि उद्यमबाग भागात भाड्याची घरे पाहत फिरलो. पुण्यात दोन खोल्यांसाठी तो जे भाडे भरतो, त्यात येथे अंगण असलेले घर मिळू शकते, हे पाहून त्याच्या चेहऱ्यावर आलेले समाधान मला मनापासून सुखावून गेले.

परंतु केवळ स्वस्त घरांमुळे माणसे येत नाहीत. उद्यमबागेतील फाउंड्री आणि हायड्रॉलिक्सचे कारखाने, हत्तरगीचे विमानभागांचे विशेष आर्थिक क्षेत्र, १९९८ मध्ये स्थापन झालेले विश्वेश्वरय्या तंत्रज्ञान विद्यापीठ आणि पुणे-बेंगळुरू महामार्ग हे सारे जवळ असल्यामुळेच त्या स्वस्ताईला अर्थ आहे. २०१६ च्या पहिल्याच यादीत स्मार्ट सिटीसाठी निवड झाल्यानंतर रस्त्यांवर बराच खर्च झाला. माझ्या मते त्याइतकेच लक्ष नळाच्या पाण्याकडे आणि उपनगरांतील बसफेऱ्यांकडे द्यायला हवे होते.

मला खरी काळजी जमिनीची वाटते. हलगा-मच्छे बायपासला तेथील शेतकऱ्यांनी दीर्घकाळ विरोध केला, कारण त्यात पिढ्यान्‌पिढ्या कसलेली सुपीक शेते जात होती. रस्ता आला की दोन्ही बाजूंना प्लॉट पडतात, भाव चढतात आणि मग शहापूर-वडगावच्या विणकराच्या मुलालाच स्वतःच्या गावात घर घेणे अवघड होते. म्हणून नव्या वसाहतींना मंजुरी देतानाच कामगारांना परवडतील अशी लहान घरे बंधनकारक करावीत, असे मला ठामपणे वाटते.